कोळशाची रेघ

धावऱ्यासाठी लोक अजून माझ्या दारात येतात आणि मी त्यांना पायरीवरूनच परत पाठवते, म्हणून इब्रामपुरात माझं नाव आता शिष्ट बाई असं पडलं आहे. पडू दे. पेन्शन खाऊन माजलेली मास्तरीण, सासूचा हात मिळाला पण सासूचं काळीज नाही मिळालं, असं परवा एकीनं पाणंदीत मला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हटलं. मी थांबून तिची हजेरी घेऊ शकले असते. उभा जन्म वर्गातल्या पोरांना गप्प बसवण्यात घालवलेली बाई मी, मला शब्द सापडत नाहीत असं सहसा होत नाही. पण त्या उत्तरात माझ्या धाकट्या बहिणीचा विषय निघाला असता, आणि तो रस्त्यात काढायची माझी तयारी नव्हती. म्हणून इथं लिहिते.

धावरं म्हणजे काय, ते ज्यांच्याकडे हा शब्द नाही त्यांच्यासाठी सांगते. आधी थंडी वाजून ताप भरतो. मग पायाचा एखादा भाग, बहुतेक घोट्याच्या आसपास, लालबुंद होतो, सुजतो, चादर लागली तरी सहन होत नाही. आणि ती लाली एका जागी बसून राहत नाही. सकाळी चार बोटं असली तर संध्याकाळी वीतभर होते. आमच्याकडे असा पाय झाला की माणूस डॉक्टरच्या आधी हात असलेल्या माणसाकडे जातो. गावात तो हात माझ्या सासूबाईंना होता.

त्यांचं काम मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघत होते, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात हसत होते. सकाळी, चहाचा घोटही घेण्याआधी, आजाऱ्याला सोप्यावर बसवायचं. पाय पाटावर. चुलीतला विझलेला कोळसा घेऊन लाली जिथं संपते तिथं त्या बारीक रेघ ओढत, पायाच्या चारी बाजूंनी, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत. मग कावेचा, म्हणजे गेरूसारख्या मातीचा, लाल खडा सहाणेवर तांदळाच्या धुवणात उगाळायचा आणि कोंबड्याच्या पिसानं त्या रेघेच्या आत लावायचा. लावलेली काव तीन दिवस धुवायची नाही. पैसा नाही, नारळ नाही, आभारसुद्धा नाहीत. आजाऱ्यानं उठून जाताना 'येतो' किंवा 'येते' म्हणायचं नाही, कारण हे दुखणं परत येऊ नये. आणि फाटकाबाहेर पडेपर्यंत मागं वळून बघायचं नाही. एकदा मी त्यांना विचारलं, ती रेघ कशाला? कड बांधतंय, एवढंच म्हणाल्या. मी मान डोलावली आणि शाळेला गेले. त्या दिवशी चौथीला मी हात धुण्याचे फायदे शिकवले असणार.

वारण्याआधी सासूबाईंनी कावेचा खडा माझ्या तळहातावर ठेवून मूठ मिटली. घरात मुलगी नव्हती, सून एकच. मी त्यांचं मन राखायला मूठ मिटू दिली, एवढंच. पण बारावा दिवस उलटतो न उलटतो तोच शेजारचा माणूस सुजलेला पाय घेऊन सोप्यावर येऊन बसला आणि उठेचना. आरोग्य केंद्रातल्या गोळ्या तो घेतच होता. मी काव लावली, तो बरा झाला, आणि श्रेय मला मिळालं. पुढं पेडणे तालुक्यातून लोक यायला लागले. खाणी बंद झाल्यावर घरी बसलेला, खनिजाचे ट्रक चालवणारा एक टिपरवाला डिचोलीहून आला, बरा झाला, आणि जाताना नियम म्हणून काही बोलला नाही, पण डोळ्यांत पाणी होतं. शाळेत निवृत्तीच्या निरोपालाही माझ्यासाठी कुणी एवढं पाणी काढलं नव्हतं. माणसाला याची चटक लागते हो. मला लागली.

आता मी शिकलेली, म्हणून मी त्यात सुधारणा केल्या. कोंबड्याचं पीस बंद केलं, दरवेळी नवा कापूस घेऊ लागले. आधी साबणानं हात धुवायचे. पुटपुटणं सोडलं, कारण ते मला येतच नव्हतं. आणि कोळशाची रेघ सोडली. एक तर घरात गॅस आला होता, कोळसा आणायचा कुठून? आणि दुसरं म्हणजे कड बांधणं वगैरे मला निव्वळ अंधश्रद्धा वाटत होती. काव निदान थंड असते, तिच्यानं आग कमी होते, हे बुद्धीला पटत होतं. रेघ नाही म्हटल्यावर कावेलाही हद्द राहिली नाही. मी चांगली सढळ हातानं, लालीच्या वर वीतभर जास्तच लावत असे.

माझी बहीण माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आम्ही मूळच्या दोडामार्गकडच्या. मी लग्न करून डोंगराच्या अलीकडे इब्रामपुरात आले आणि ती थेट समुद्रावर, हरमलला गेली. नवरा मोपाच्या विमानतळावर टॅक्सी चालवायचा, आणि घरामागं बांधलेल्या सहा खोल्या ही चालवायची. पाहुणे एके काळी गोरे असत आणि महिना महिना राहत, आता बंगळूरची पोरं येतात, दोन दिवस राहतात आणि बाथरूमची पार दशा करून जातात, असं ती सांगायची. ते बाथरूम ती स्वतः घासायची. बाई ठेव, म्हणून मी तिच्या मागं लागले होते. तर म्हणायची, बाईनं घासलेलं मला परत घासावं लागतं, त्यापेक्षा एकदाच घासलेलं बरं. दिवसभर पाय पाण्यात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या, कातडं पांढरं पडून सोललेलं. त्यात तिला साखर होती, तीही ती विसरून जायची, आणि लग्नकार्यात जिलबी खाताना मी डोळे वटारले की मुद्दाम दुसरी उचलायची.

मला ती बाय म्हणायची, आणि माझी चेष्टा करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मी काव लावायला लागल्यावर तर तिला कुरणच मिळालं. फोन केला की आधी विचारायची, घाडीणबाई आहेत का घरात? घाडी आमच्याकडे भुतं उतरवतो. पण मनातून तिला माझा अभिमान होता. हरमलच्या बायकांना सांगायची, माझ्या बायच्या हाताला गुण आहे. मी तिला कधी सांगितलं नाही, की माझा स्वतःचा त्यावर धड विश्वास नाही. आपल्याला मोठं समजणारं घरचं माणूस एखादंच असतं. त्याला कशाला सांगा, असं वाटलं.

तीन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. नाताळाला आठवडा राहिलेला, तिच्या सगळ्या खोल्या भरलेल्या. एका सकाळी पोदेर पाव देऊन गेला आणि त्याच्या पाठोपाठ फाटकाशी स्कूटर थांबली. भाची चालवत होती, बहीण मागं बसलेली, उन्हात शाल गुंडाळून. तिला उतरताना बघितलं आणि मी अनवाणीच फाटकाशी गेले. रात्रभर थंडी वाजून ताप होता. डावा पाय लाल, घोटा दिसेनासा झालेला. डॉक्टरकडे का नाही गेलीस, मी विचारलंच. तर म्हणाली, साखर बघितली की ते दाखल करून घेणार, आणि मी खाटेवर पडले तर सहा खोल्या कोण बघणार, तुझा दाजी?

"तू फकत हात लाव गो बाय," ती म्हणाली. "दोन दिसांत उठान पळतलंय."

तेव्हा मी काय करायला हवं होतं हे मला कुणी सांगायला नको. तिचा ताप माझ्या हाताला लागत होता. पण मी सहाण काढली. तिच्यासाठी म्हणून जरा जास्तच काव उगाळली, आणि बोटांपासून गुडघ्यापर्यंत पाय रंगवून काढला. कापूस टेकला तरी ती ओठ चावत होती. लाली नेमकी कुठपर्यंत होती ते मी बघितलं नाही. म्हणजे बघितलं असेल, पण ध्यानात ठेवायचं म्हणून बघितलं नाही. पाच मिनिटांत तो पाय सबंध एकाच रंगाचा झाला, आणि खालची लाली कुठली आणि वरची काव कुठली, हे देवालाही कळलं नसतं.

तापाची एक गोळी तिला दिली आणि नियम सांगितले, जे तिला पाठच होते. धुवायचं नाही, 'येते' म्हणायचं नाही, मागं बघायचं नाही. ती लंगडत पायऱ्या उतरली, अंगण निम्मं ओलांडलं. फाटकाशी स्कूटरवर बसलेल्या भाचीला सोप्यावर आईचा मोबाईल पडलेला दिसला आणि तिनं हाक मारली, आई, तुझा मोबाईल. बहीण वळली. वळल्यावर तिच्या लक्षात आलं, आणि ती हसायला लागली. परत येऊन तिनं मोबाईल उचलला, एक नियम मोडलाच आहे तर दुसराही मोडते म्हणाली आणि माझ्या गालाला हात लावून, येतंय गो, असं मुद्दाम ठासून म्हणाली. मी तिच्यावर ओरडले. ती हसतच गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाचीचा फोन आला. आईला वांत्या होताहेत, पायाला वारा लागला तरी ओरडते, ताप उतरला पण अंग गार लागतंय. डॉक्टरकडे नेऊ का, तिनं विचारलं. साधा प्रश्न होता. हो म्हणायला एक अक्षर लागतं.

त्या संध्याकाळी आमच्या जुन्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. बक्षिसं वाटायला मला बोलावलं होतं, साडी इस्त्री करून खुर्चीवर टाकलेली होती. पण दोष साडीचा नाही. साडी सोडून मी गेले असते. मला वाटलं ते वेगळंच. वाटलं, की सख्ख्या बहिणीला डॉक्टरकडे न्यावं लागलं, असं कळलं तर लोक काय म्हणतील. हे इतकं स्पष्ट शब्दांत तेव्हा मनात आलं नव्हतं, पण होतं ते हेच. मी भाचीला म्हटलं, तिसरा दिवस होऊ दे, धुवू नका, उद्या सकाळी मी येतेच. ती बरं म्हणाली. आमच्या घरात माझा शब्द पोरं मोडत नाहीत, अशी मी सगळ्यांना शिस्त लावलेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी नवऱ्याच्या मागं स्कूटरवर बसून हरमलला पोचले. अंगणात पाहुण्यांचे ओले टॉवेल वाळत होते, कुठल्यातरी खोलीत गाणी लागली होती. बहीण आतल्या खोलीत होती. मला बघून ती हसली, पण मला आई म्हणाली. आमची आई जाऊन कितीतरी वर्षं झाली. पाय दुप्पट सुजलेला. काव भेगाळली होती, आणि भेगांतून काळपट पाणी झिरपत होतं. गुडघ्याच्या वर, जिथं माझा कापूस पोचला नव्हता, तिथं मांडीचं कातडं जांभळं पडलं होतं. एकशे आठची गाडी मीच बोलावली, आणि बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला पोचेपर्यंत मी तिचा हात सोडला नाही. तो हात बर्फासारखा होता.

तिथं तिला ताबडतोब आत घेतलं. डॉक्टर एक तरुण मुलगी होती, माझ्या शेवटच्या बॅचची शोभली असती. तिनं खिशातलं पेन काढलं आणि मांडीवर, जांभळं संपत होतं तिथं, बारीक रेघ ओढली. पायाच्या चारी बाजूंनी. रेघेवर वेळ लिहिली. मी विचारलं, हे कशाला? तर ती म्हणाली, आजी, हे किती वेगानं पुढं जातंय ते कळायला नको? रेघ ओलांडली की समजायचं औषध पुरत नाही.

मला तिथल्या तिथं सासूबाई दिसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून, बघून येतंय म्हणत आजाऱ्याच्या घरी निघालेल्या. दरवेळी जायच्या. मी मेली समजायची, चहा प्यायला आणि चार घरच्या गोष्टी ऐकायला जातात. त्या रेघ बघायला जात होत्या. आणि कधी कधी परत येऊन म्हणायच्या, ह्याला माझा हात चालत नाही, त्याला डॉक्टराकडे पाठवला. मी ते ऐकत होते, वह्या तपासत. त्या सगळ्या विधीतून मी माझ्या शहाणपणानं जे निवडून टाकलं, तेवढंच कामाचं होतं. ठेवलं ते सगळं माती होतं.

"पहिल्या दिवशी लाली कुठपर्यंत होती?" डॉक्टरनं विचारलं.

मी तिच्या हातातल्या पेनाकडे बघत राहिले. तिला वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून तिनं मोठ्यानं परत विचारलं. या जगात त्याचं उत्तर ठाऊक असायला हवं होतं अशी मी एकटीच होते, आणि मला ते ठाऊक नव्हतं.

मग नर्स पाण्याचं भांडं आणि कापूस घेऊन आली. काव काढल्याशिवाय खालचं काही दिसत नव्हतं. माझ्या बहिणीला एव्हाना कुणाची ओळख राहिली नव्हती, डोळे अर्धे मिटलेले. पण पायाला पाणी लागताच तिनं नर्सचं मनगट धरलं.

"ता धुव नकात," ती म्हणाली. "माझ्या बायन लावलेला असा. तिसरो दिस पुरो होवंक व्हयो."

तिचं मी ऐकलेलं शेवटचं बोलणं ते. नर्सनं हळूच हात सोडवून घेतला आणि धुवायला सुरुवात केली. लाल पाणी भांड्यात पडत राहिलं. खालून जो पाय निघाला, त्याचं वर्णन मी करणार नाही.

ऑपरेशन केलं, सडलेलं काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. त्या तरुण डॉक्टरनं मला बाकावर बसवून समजावून सांगितलं. मला ती रागावली नाही, याचा मला आजही राग येतो. म्हणाली, स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू आहे. पोरांचा घसा सुजतो, गिळताना दुखतं, तोही यानंच. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. पण चिखल्यांसारख्या फटीतून कातडीखाली शिरला, आणि त्यात साखर असली, तर कधी कधी तो तिथून पसरत जातो आणि रक्तात विष भिनवतो. पेनिसिलिननं मरतो. फार जुनं औषध आहे, पहिल्या दिवशी मिळालं तर बहुतेक वेळा पुरतं. मी तिच्याकडून ते नाव कागदावर लिहून घेतलं. ऱ्हस्वदीर्घ तपासलं. सवय, दुसरं काय. पुढं कधीतरी मोबाईलवर त्याचं चित्र बघितलं तर दोऱ्यात ओवलेले मणी, एकापुढं एक. कितीतरी पोरं घसा धरून माझ्या वर्गात बसली असतील, आणि मी त्यांना मिठाच्या गुळण्या करायला सांगून पाढे म्हणायला लावले असतील.

आता माझी आणखी एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती काव लावण्याहून वाईट आहे.

बाराव्या दिवशी हरमलच्या घरी माणसं जमली होती. बायका हळहळत होत्या. एकीनं विचारलं, तुझ्या हातानं शंभर माणसं बरी झाली, मग सख्ख्या बहिणीलाच गुण कसा आला नाही? माझ्यावर सगळ्यांचे डोळे. आणि मी म्हटलं, तिनं मागं वळून बघितलं. 'येते' पण म्हणाली. काय करणार मी?

बायकांनी च्‌ च्‌ केलं, माना हलवल्या. तसंच असणार, म्हणाल्या. विषय मिटला. मी ते बोलले तेव्हा मला ते खोटं आहे हे शंभर टक्के ठाऊक होतं. पेनाची रेघ मी डोळ्यांनी बघून आले होते. पण बोलले, आणि बोलल्यावर छातीवरचा दगड जरासा हलला. पुढं कुणी विचारलं तरी तेच सांगितलं. काही महिने तर मला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं. त्या दिवशी भाची आतल्या खोलीत पानं वाढत होती. मधल्या जनेलाला, म्हणजे खिडकीला, नुसता पडदा होता, आणि पडद्यातून आवाज जातो, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

त्यानंतर भाचीचं येणं कमी झालं. आईच्या जागी तीच सहा खोल्या बघू लागली होती. फोन केला तर बोलायची, पण तुटक. मला वाटलं, तिला कळलं असावं, की मी तिसऱ्या दिवसापर्यंत थांबवलं म्हणून आई गेली. मी घाबरून होते. तिनं विचारू नये म्हणून मीही फोन कमी केले. दीड वर्ष आम्ही मावशी-भाची एकमेकींना अशी टाळत राहिलो, प्रत्येकीची कारणं वेगळी.

गेल्या वर्षी चतुर्थीच्या आधी, पाऊस ओसरत आला असताना, ती एका सकाळी आली. स्कूटर फाटकाशी लावली, लंगडत अंगण ओलांडलं आणि काही न बोलता सोप्यावर बसून उजवा पाय पाटावर ठेवला. घोट्याशी तळहाताएवढं लाल. तिच्याही बोटांत चिखल्या होत्या. आईसारखे तीही बाथरूम स्वतःच घासत असणार. तिचा पाय बरा झाला, हे आधीच सांगून टाकते, कुणाचा जीव टांगणीला नको. पण त्या क्षणी ते मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, डॉक्टरकडे जा, मी आता कुणाला लावत नाही. ती जागची हलली नाही.

"मी हाक मारलंय म्हणान आई मागे वळली, मावशे," ती म्हणाली. "माझ्यामुळा गेली ती. ह्या टायमाक मी वळाचंय नाय. तू लाव."

आणि ती रडायला लागली, पाय पाटावरच ठेवून. दीड वर्ष हे पोर ते पोटात घेऊन फिरत होतं. खोल्यांच्या चादरी धुताना, पाहुण्यांना चहा देताना, रोज. बापाला सांगितलं नाही, मैत्रिणीला सांगितलं नाही. माझं एक वाक्य, मी माझी कातडी वाचवायला टाकलेलं, आणि ते जाऊन पडलं कुणाच्या डोक्यावर! काव लावली तेव्हा मी अडाणी होते असं तरी म्हणता येईल. हे वाक्य बोलले तेव्हा मी अडाणी नव्हते.

मी तिच्यासमोर खाली बसले. "आई तुझ्यामुळा गेली नाय," मी म्हटलं. "माझ्यामुळा गेली."

मग सगळं सांगितलं. कोळशाची रेघ, सासूबाई दुसऱ्या सकाळी कशाला जायच्या, डॉक्टरचा प्रश्न, पेनिसिलिन. तिनं फोनवर नेऊ का विचारलं तेव्हा माझ्या मनात काय होतं, ते. बाराव्या दिवशी मी मुद्दाम खोटं बोलले, ते. तिच्या आईचं शेवटचं वाक्यही सांगितलं, ते तिला ठाऊक नव्हतं. वर्गात धडा सांगावा तसं सांगत गेले, कारण थांबले असते तर पुढचं आलं नसतं. ती ऐकत होती. मध्येच तिचं रडणं थांबलं. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मला तिच्या चेहऱ्यावर काही वाचता येईना. पोरांचे चेहरे वाचण्यात माझा जन्म गेला होता.

टेबलावरचं निळं पेन घेऊन मी तिच्या पायावर रेघ ओढली. लाली संपत होती तिथं, चारी बाजूंनी, सावकाश. वेळ लिहिली. रेघ वेडीवाकडी आली. म्हटलं, इथून सरळ आरोग्य केंद्रात जा, रेघ दाखव, आणि ही ओलांडली तर कुणाचंही ऐकू नकोस, माझंसुद्धा. तिनं मान हलवली की नाही, मला आठवत नाही.

ती उठली. चपला घातल्या. पायऱ्या उतरली आणि अंगणातून चालू लागली. मी सोप्याच्या खांबाला धरून उभी होते. मला वाटत होतं, आता बोलेल, आता एक शिवी तरी हासडेल. फाटकाशी पोचली, स्कूटर स्टँडवरून काढली, हेल्मेट चढवलं.

ती 'येते' म्हणाली नाही. तिनं मागं वळून बघितलं नाही. आणि काव तर मी लावलीच नव्हती.